खोडरबरचं वाक्य

भूगोलाचे सर आयुष्यभर वाईट शिक्षक राहिले असते, तर त्यांना फार सुखाचं म्हातारपण लाभलं असतं, असं त्यांच्या बायकोचं ठाम मत आहे. ती हे चिडून म्हणत नाही. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना सहज म्हणते.

नोकरीची बहुतेक वर्षं सरांनी चारचौघांसारखीच काढली होती. वर्गात जायचं, फळा भरायचा, पोरांनी तो वहीत उतरवायचा, परीक्षेत वहीतला पेपरात उतरवायचा आणि सरांनी त्यावर बरोबरच्या खुणा करत सुटायचं. कुणाची तक्रार नव्हती. सर स्वभावाने गरीब, अंगाने गोल आणि आवाजाने मऊ. शेवटच्या तासाला निम्मा वर्ग डुलक्या काढायचा आणि उरलेला निम्मा लिहून घ्यायचा, म्हणजे झोपलेल्यांचीही सोय व्हायची.

मग एका वर्षी त्यांना सणसणीत सर्दी झाली. नाक पुसत पुसत फळा भरताना त्यांनी भलतंच लिहिलं: सूर्य पश्चिमेला उगवतो. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. पण सहामाहीच्या पेपरात सबंध वर्गाने सूर्य पश्चिमेला उगवायला लावला. एकूण एक पोराने. शाळा सकाळची, पोरं रोज समोरून येणारं ऊन डोळ्यांवर घेत शाळेत यायची, आणि तरी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की सर, हे असं कसं. सर गठ्ठा घेऊन मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. बाईंनी पेपर चाळले, म्हणाल्या, सगळ्यांचं सारखंच आहे ना, मग द्या सगळ्यांना मार्क. सरांनी दिले. आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवणातलं लक्ष उडालं.

आपण इतकी वर्षं नक्की काय शिकवलं, हा प्रश्न माणसाने उतारवयात स्वतःला विचारू नये. सरांनी विचारला. नंतर शिक्षकांसाठी कसलंसं प्रशिक्षण निघालं, तेव्हा बाकीचे मास्तर जेवणानंतर मागच्या रांगेत आडवे झाले होते आणि सर पहिल्या बाकावर कान टवकारून बसले होते. शिकवणाऱ्या मुलीने पडद्यावर एक वेबसाइट दाखवली. तिच्यावर पान एकच, पण लिहिणारे हात अनेक. कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं बदलावं. कुणी काय लिहिलं आणि कुणी काय पुसलं, सगळं मागे जपून राहतं, झाकता येत नाही. मास्तरांपैकी एकाने डोळे न उघडताच विचारलं, म्हणजे भांडणंच की. ती मुलगी म्हणाली, हो, पण विचार करून केलेली. सरांनी ते वाक्य घरी येईपर्यंत तोंडात घोळवलं.

शाळेत 'संगणक कक्ष' अशी पाटी असलेली एक खोली होती आणि तिला कुलूप असायचं, कारण आत संगणक होते. सरांनी किल्लीसाठी शिपायाच्या मिनतवाऱ्या केल्या, धुळीने माखलेली यंत्रं स्वतः पुसली, आणि आठवीच्या वर्गाची साइट सुरू केली. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं, 'आपल्या सरांचं पोट हे पठार आहे.' मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, बघा, मी सांगत नव्हते, बंद करा ते थेर. पण सर खाली वाचत गेले. दुसऱ्या कुणीतरी ते वाक्य खोडून लिहिलं होतं, 'चूक. पठार वरून सपाट असतं. सरांचं पोट सपाट नाही, म्हणून टेकडी म्हणावं.' सरांना इतका आनंद झाला की त्यांनी ते घरी येऊन बायकोला दोनदा वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या विद्यार्थ्याने एखादी गोष्ट कारण देऊन खोडली होती.

तोच साइटचा नियम झाला. दुसऱ्याचं वाक्य खुशाल खोडा, पण खाली कारण लिहा. ज्याचं खोडलं त्याने रुसायचं नाही, उलट कारण शोधून आणायचं. आणि 'छान', 'मस्त', 'बरोबर' हे शब्द साइटवर बंद. सर म्हणायचे, या शब्दांच्या पोटात काही नसतं, हे लिहिणाऱ्याने पान वाचलेलंसुद्धा नसतं.

आठवीतल्या ज्या मुलीने पोटाची टेकडी केली होती, तिचं नाव वर्गाने खोडरबर ठेवलं. तिचे वडील चष्म्याचं दुकान चालवायचे, आणि विकल्या न गेलेल्या फ्रेमा मुलीच्या नाकावर संपायच्या, त्यामुळे दर दोन-चार महिन्यांनी तिचा चेहरा बदलायचा. आवाज बारीक, अंगात मूठभर मांस नाही, पण साइटवर बसली की भल्याभल्यांची गाळण उडवायची. तिने सरांचंही वाक्य खोडलं. सरांनी लिहिलं होतं, डोंगरावर नेहमी थंडी असते. हिचं कारण: 'नेहमी म्हटलंत. एक दिवस जरी नसली तरी नेहमी चुकतं.' सरांनी मुकाट्याने 'नेहमी' काढून 'बहुधा' घातलं.

तिला पुरून उरणारा एकच होता. लांब मान, खाली घातलेली नजर, वर्गात विचारलं तर तोंडातून अक्षर फुटायचं नाही. त्याला बगळा म्हणायचे. तो खरोखर बगळ्यासारखाच होता, तासन्‌तास उभा राहून बघायचा आणि मग नेमकी चोच मारायचा. हिने लिहायचं, त्याने दोन दिवसांनी येऊन खोडायचं, हिने तणतणत पुन्हा लिहायचं. समोरासमोर ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. पानावर मात्र हमरीतुमरीवर यायची, आणि बाकीचा वर्ग दोन्ही बाजूंनी उतरायचा. सर आपल्या टेबलाशी बसून हे बघायचे. त्यांचा चेहरा तेव्हा असा व्हायचा की शिपायानेसुद्धा एकदा विचारलं, सर, घरी काही चांगली बातमी आहे का.

त्या वर्षीचा मोठा वाद झाडांचा होता. शाळेमागच्या गल्लीत दोन्ही बाजूंना एकाच वेळी लावलेली झाडं होती. एका बाजूची हिरवीगार, दुसऱ्या बाजूची वाळून कोळ झालेली. का? सरांनी एवढाच प्रश्न पानावर टाकला आणि बाजूला झाले. कुणी म्हणालं कीड, कुणी म्हणालं ऊन. बगळा म्हणाला, नवा फुटपाथ करताना वाळलेल्या बाजूला बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलंय, मुळांना पाणी कुठून मिळणार. खोडरबर म्हणाली, कोपऱ्यावर कपडे रंगवायचा कारखाना आहे, त्याचं रंगीत पाणी गल्लीतल्या उघड्या गटारात येतं, तेच मुळांत जात असणार. बगळ्याने विचारलं, जातंच हे तू पाहिलंस का. ती म्हणाली, उद्या जाऊन बघते.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. ताप आहे म्हणाले. मग ताप उतरेना म्हणाले. मग तिला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात हलवलं.

आठवडाभराने चष्म्याच्या दुकानाचे मालक शाळेत आले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती. त्यांनी सरांना व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि भिंतीकडे तोंड करून सांगितलं की रक्ताचा आजार आहे, डॉक्टरांनी फारशी आशा दाखवलेली नाही.

"तिला यातलं काही माहीत नाही, सर. आम्ही अशक्तपणा म्हणून सांगितलंय. तिला कळता कामा नये. ती मोबाइलवर तुमची ती साइट उघडून बसते, तेवढाच तिचा विरंगुळा आहे. पोरं काही बोलून जातील. तेवढं तुम्ही सांभाळा."

सरांनी त्यांचा हात धरला आणि शब्द दिला. मुलीला कळू द्यायचं नाही, आपल्या वर्गाकडून तर नाहीच. जाताना त्या माणसाने कारण नसताना खिशातून फडकं काढून सरांचा चष्मा पुसून दिला. दुसरं काय करावं हे त्यांना सुचलं नसावं.

वर्गाला सरांनी एवढंच सांगितलं की ती आजारी आहे, तिला त्रास होईल असं काही लिहू नका. तेरा-चौदा वर्षांची पोरं वेडी नसतात. कुणीच काही विचारलं नाही, यावरूनच सरांना समजायला हवं होतं की त्यांना बरंच समजलं आहे.

दवाखान्यातून ती लिहीत राहिली. मैत्रिणींकडून तिने गल्लीचे फोटो मागवून घेतले आणि ते मोठे करकरून पाहिले. आणि एक दिवस पानावर लिहिलं, 'फोटोत गटार झाडांकडे उतरताना दिसतं. म्हणजे रंगीत पाणी वाळलेल्या झाडांच्या मुळाशी जातं. झाडं त्या पाण्याने वाळली.'

बगळा त्याच संध्याकाळी गल्लीत गेला. त्याने गटाराच्या कडेला बसून एक वाळकं पान पाण्यात सोडलं. पान झाडांकडे गेलंच नाही. ते उलट्या बाजूला, मोठ्या रस्त्याकडे वाहत गेलं. त्याने दुसरं सोडलं, तिसरं सोडलं. फोटो तिरका काढलेला होता, म्हणून उतार उलटा दिसत होता. रंगाचं पाणी त्या झाडांपर्यंत पोचतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो संगणक कक्षात आला आणि तिच्या वाक्यावर आडवी रेघ ओढणार, तेवढ्यात सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्ता नको रे."

"पण सर, चूक आहे ते. मी पान सोडून बघितलं."

"चूकच आहे. ती बरी होऊन आली की खोड. तिच्या तोंडावर खोड, मी मध्ये पडणार नाही."

बगळ्याने मान वर करून सरांकडे पाहिलं. "येणार आहे ना?"

"येणार," सर म्हणाले.

ही सरांची चूक. तिला चूक म्हणताना माझीही जीभ अडखळते, कारण त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी हेच केलं असतं. आजारी पोरीचं एक वाक्य चुकीचं राहिलं तर आभाळ कोसळत नाही. इकडे तिची आशा तुटू नये म्हणून सगळे डोळ्यांत तेल घालून जपताहेत, आणि त्यात तिला गटाराचा उतार शिकवत बसायचं? सरांना ते क्रूर वाटलं. त्यांचा जीव त्या पोरीसाठी तुटत होता, आणि जीव तुटत असताना माणूस नियम बघत नाही.

मग सगळेच जपायला लागले. तिने काहीही लिहावं, खाली कुणी ब्र काढत नसे. इतर पानांवर वाद नेहमीसारखे पेटत होते, फक्त तिच्या वाक्याशी आलं की पोरं पाय न वाजवता बाजूने जायची. दोन दिवसांनी तिने विचारलं, 'कुणालाच काही म्हणायचं नाही का?' कुणी उत्तर दिलं नाही. आणखी एका दिवसाने लिहिलं, 'बगळा कुठे गेला?' सरांनी बगळ्याला जवळ बोलावून सांगितलं, काहीतरी लिही बाबा, नाहीतर तिला वाईट वाटेल. तो कितीतरी वेळ कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिला. शेवटी त्याने लिहिलं, 'तुझं बरोबर आहे.' कारणाचा चौकोन रिकामा सोडला आणि खोलीबाहेर निघून गेला. पाठोपाठ सर स्वतः बसले आणि त्यांनी लिहिलं, 'छान मुद्दा. छान लिहिलंस.'

तिचं उत्तर आलं, 'ठीक आहे.'

त्यानंतर तिने कुणाचंच काही खोडलं नाही. उलट ती सगळ्यांच्या पानांवर जाऊन लिहायला लागली: छान, मस्त, आवडलं. पोरांना हायसं वाटलं. खोडरबर निवळली म्हणाले. सरांनाही वाटलं, गोड बोलण्याने तिचं मन रमलं असेल. तिला कळू दिलं नाही, दिलेला शब्द निभावला, याचं त्यांना त्या दुःखातही थोडं समाधान होतं. बायकोला त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

मग एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापिकाबाईंनी माइक हातात घेतला आणि त्यांना बोलता येईना. पोरांना आधीच समजलं होतं. बगळा रांगेत ताठ उभा होता, मान खाली न घालता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता. सर वर्गात गेले. हजेरी घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि खुर्चीवर बसून लहान मुलासारखे रडले. पोरांसमोर रडू नये, असं त्यांना नोकरीच्या सुरुवातीला कुणीतरी शिकवलं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. झाडांचं पान तसंच राहिलं. तिच्या वाक्याला आता कोण हात लावणार? इतर पानंही हळूहळू गप्प झाली. जी पोरं एकमेकांच्या वाक्यांवर तुटून पडायची, ती आता एकमेकांना सांभाळून लिहायला लागली, जणू कुणाचं काय होईल याचा नेम नाही. सगळीकडे छान आणि मस्त. शाळेत पाहुणे आले, त्यांनी साइट बघितली आणि मुलं किती समंजस आहेत म्हणून पाठ थोपटली. सर नुसते मान हलवत उभे राहिले.

चष्म्याच्या दुकानासमोरून जायचं सरांनी टाळलं होतं. बाजारात जायला तोच रस्ता जवळचा, पण हे लांबचा वळसा घालायचे. डोकं दुखायला लागलं, फळ्यावरचं स्वतःचंच अक्षर फिरायला लागलं, तरी जायचं नाव नाही. शेवटी बायकोने एका सुट्टीच्या सकाळी पिशवी हातात दिली.

"अहो, किती दिवस चुकवणार त्या माणसाला? नंबर वाढलाय तुमचा. जा आणि डोळे तपासून या."

दुकान उघडलं होतं. मालक एकटेच होते, काउंटरच्या काचा पुसत. सरांना बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली, ख्याली-खुशाली विचारली, मुलीचं नाव काढलं नाही. नंबर काढायची ती जड चौकट त्यांनी सरांच्या नाकावर चढवली, समोर अक्षरांचा तक्ता लावला आणि एकेक भिंग घालून विचारू लागले, आता बरं दिसतं की मघाशी. सर आपले सांगत होते, मघाशी, आता, मघाशी. मध्येच तो माणूस थांबला. हातातलं भिंग हातातच राहिलं.

"तिला कळलं होतं, सर."

त्यांच्या डोळ्यांपुढे वर्गातला एकेक चेहरा येऊन गेला. "कोण बोललं? माझ्या वर्गातलं कुणी?"

"कुणीच नाही. तिनंच शोधून काढलं."

आणि मग त्यांनी हळूहळू सांगितलं. एका दुपारी आई जरा खाली गेली होती आणि ते मुलीचे केस विंचरत होते. केस हातात येत होते, म्हणून ते अगदी बेताने विंचरत होते. तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. म्हणाली, बाबा, हे बघा, माझं वाक्य कुणी खोडत नाही. ते म्हणाले, अगं, पोरांना परीक्षेमुळे वेळ नसेल. ती म्हणाली, तसं नाही, बाकीच्यांची खोडताहेत, आजच सकाळी दोन खोडली. ते म्हणाले, मग तुझं बरोबर असेल. ती म्हणाली, बरोबर असलं तरी बगळा काहीतरी काढतोच, त्याच्याकडे कारण नसलं तर तो शोधायला जातो, आणि इथे त्याने कारण लिहिलेलंच नाही. आणि सरांनी छान लिहिलंय. सर कधी छान लिहीत नाहीत.

"एकेक शक्यता काढत गेली, सर. तुम्ही शिकवलं होतंत तशी. आणि मग म्हणाली, एकच उरतं. सगळे मला जपताहेत. अशक्तपणाला इतकं कुणी जपत नाही. बाबा, मी बरी होणार नाहीये ना?"

सरांना समोरचा तक्ता दिसेना. नाकावरच्या चौकटीत अर्धवट भिंगं होती, त्यांतून तो माणूस नुसता हलणाऱ्या सावलीसारखा दिसत होता.

"मला खोटं बोलवेना," ते म्हणाले. "इतके दिवस बोलत होतो, त्या दिवशी नाही जमलं. दोघं रडलो. मग तिची आई आली, तिघं रडलो. पण सर, त्यानंतर बोललो हो आम्ही. तिला जे जे विचारायचं होतं ते तिने विचारलं. मला जे सांगायचं होतं ते सांगता आलं. नाहीतर शेवटपर्यंत नाटक करत बसलो असतो. तुमचे आभार मानायला येणार होतो, धीरच होत नव्हता."

आभार. सरांना वाटलं, या माणसाने आपल्या मुस्काटात दोन द्याव्यात, ते सोसलं असतं. ती कोवळी पोर दवाखान्याच्या खाटेवर पडून आपल्याशी कुणीतरी भांडावं म्हणून वाट बघत होती, आणि आपण एका गोड शब्दात तिला तिचं मरण कळवलं. त्यांना चौकट काढून पळून जावंसं वाटत होतं. ते खुर्चीला धरून बसून राहिले.

"आणि ती सगळ्यांना छान, छान लिहायची ते?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"ते तुमच्यासाठी. म्हणाली, सरांना वाटतंय मला माहीत नाही. तसंच वाटू दे त्यांना, नाहीतर त्यांना वाईट वाटेल."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दुकानदाराने भिंग फडक्याने पुसलं, पेटीत जागच्या जागी ठेवलं, आणि मग एक गोष्ट विचारायची राहिलीय म्हणाले.

"ते झाडांचं. शेवटी शेवटी ती तेच विचारायची. बाबा, माझं खरंच बरोबर आहे की हे नुसते म्हणताहेत? मी म्हटलं, सरांना फोन करून विचारतो. ती म्हणाली, आत्ता नका, ते खरं सांगणार नाहीत. नंतर विचारा. म्हणून विचारतो, सर. बरोबर होतं का तिचं?"

सरांच्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता: बरोबर होतं. समोर बाप उभा आहे, मूल गेलेला बाप, त्याला एवढं दिल्याने कुणाचं काय जाणार आहे? शब्द अगदी ओठांपर्यंत आला, आणि तिथे सरांनी तो दाताखाली धरला.

"चूक होतं," ते म्हणाले. "फोटो तिरका होता, त्यात उतार उलटा दिसला तिला. पाणी त्या झाडांकडे जात नाही, मोठ्या रस्त्याकडे जातं. पान सोडलं की कळतं."

तो माणूस ऐकत राहिला. मान हलवली. तिला जाऊन बघता आलं नाही ना, असं स्वतःशीच म्हणाला. मग विचारलं, "कुणी शोधलं? बगळ्यानं?"

"हो."

"तिला वाटलंच होतं, शोधला तर तोच शोधणार." त्यांच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं, आणि मग त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं. "कधी शोधलं?"

सरांनी नाकावरची चौकट काढली. आता तो चेहरा त्यांना नीट दिसला.

"ती होती तेव्हाच. तिने लिहिलं त्याच दिवशी संध्याकाळी. तो खोडायला निघाला होता. मी थांबवलं."

एक बाई दारात येऊन आत डोकावली आणि दोघांची तोंडं बघून परत गेली. दुकानदार काउंटरला दोन्ही हात टेकून खाली काचेतल्या फ्रेमांकडे बघत होते.

"खोडू द्यायचं होतं हो, सर," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "भांडली असती ती. उठून बसून भांडली असती."

सर हो म्हणाले.